दोन पदव्या, गिऱ्हाईक एकच

बारावीचा निकाल लागला की भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या घरांत जी खलबते सुरू होतात, त्यांत अलीकडे एक नवा प्रश्न शिरला आहे. एकाच वेळी दोन पदव्या करता येतात म्हणे. मग पोरीने नुसते बी.कॉम. करत का बसावे? प्रश्न रास्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये तशी मुभा दिली आणि तेव्हापासून जोडपदवीची चर्चा जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली.

या जोड्यांपैकी एक विशेष लक्ष वेधून घेते. एका बाजूला विपणन आणि जनसंपर्क, दुसऱ्या बाजूला वर्तनविज्ञान. माल कसा खपवावा आणि संस्थेचे नाव कसे राखावे, हे पहिली बाजू शिकवते. माणूस मुळात निर्णय घेतो कसा, हे दुसरी. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या ठिकाणी व्यवसाय आणि वर्तनविज्ञानाची जोडपदवी बारावीनंतरच घेता येते. आपल्याकडे अशी तयार पदवी सहसा मिळत नाही, ती जुळवावी लागते. भंडारा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने ती जुळवावी का, जुळवायची तर कशी आणि शेवटी हाती काय लागते, ते इथे पाहू.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. विपणन आणि जनसंपर्क यांत इतकी सरमिसळ आहे की त्यांच्या दोन वेगळ्या पदव्या घेणे म्हणजे तोच धडा दोनदा गिरवणे. पहिल्या पदवीला जे प्रश्न सुचतच नाहीत, ते दुसरीने विचारायला शिकवले तरच ती सार्थकी लागते. या त्रयीत ते काम वर्तनविज्ञान करते, आणि तेही संख्याशास्त्र सोबत असेल तरच.

तिन्ही विषयांचे मूळ

विपणन आणि मानसशास्त्र यांचे नाते आजचे नाही. अमेरिकेत वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने 1903 मध्येच जाहिरातीच्या सिद्धांतावर पुस्तक लिहिले. वर्तनवादाचा प्रवर्तक जॉन वॉटसन विद्यापीठ सोडल्यावर जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत गेला. आधुनिक जनसंपर्काचा एक आद्य पुरुष एडवर्ड बर्नेज हा तर सिग्मंड फ्रॉइडचा भाचा. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत त्याने तरुणींना उघडपणे सिगारेट ओढायला लावले आणि त्याला स्त्रीस्वातंत्र्याची मशाल म्हटले. सिगारेट कंपनीचा गल्ला भरला. या विद्येची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही त्या एका प्रसंगात दिसतात.

वर्तनविज्ञानाला आजचे रूप आले ते डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांच्या 1979 च्या शोधनिबंधानंतर. शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला जास्त बोचते, ही त्यातली मध्यवर्ती गोष्ट. काहनेमन यांना 2002 मध्ये आणि रिचर्ड थेलर यांना 2017 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटनने 2010 मध्ये सरकारातच वर्तनविषयक पथक नेमले. आपल्या 2018-19 च्या आर्थिक पाहणीत या विषयावर स्वतंत्र प्रकरण होते आणि नीती आयोगातही असा विभाग सुरू झाला.

महाराष्ट्रातले गाजलेले उदाहरण मुंबईचे. वडाळ्याजवळ रूळ ओलांडताना माणसे मरत होती. ‘रूळ ओलांडू नका’ ही पाटी होतीच, तिच्याकडे कोणी बघत नव्हते. फायनलमाइल या सल्लागार संस्थेने 2009-10 च्या सुमारास मध्य रेल्वेसोबत तीन साधे बदल करून पाहिले. रुळाखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, कारण मोठी वस्तू लांबून येताना तिचा वेग डोळ्याला कमी वाटतो. पिवळे पट्टे झाकले जाताना दिसले की तो अंदाज सुधारतो. एका लांब शिट्टीऐवजी मोटरमनला तुटक शिट्ट्या वाजवायला सांगितल्या. पाटीच्या जागी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा लावला. एकही भाषण झाले नाही, दंड वाढला नाही. विपणनवाला इथे ‘जनजागृती मोहीम’ आखून मोकळा झाला असता. वर्तनविज्ञानाने आधी विचारले की या माणसाला गाडी दिसत असूनही तो थांबत का नाही.

जिल्ह्यातच भरलेला वर्ग

या विषयासाठी मुंबई-पुण्यालाच जावे लागते, हा समज भंडाऱ्यात तरी टिकत नाही. दिवाळीनंतर धान घरात आले की गावोगावी मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, नाहीतर दंडार, खडी गंमत ही लोकनाट्ये. रात्री झाडीपट्टीचे नाटक. नाट्यमंडळ्यांची कार्यालये वडशाला. गावातले मंडळ ठरावीक रकमेला नाटक घेते आणि तिकिटे विकून पैसे उभे करते. हँडबिलावर तीन रंगांत नायिकेचा फोटो आणि ‘कौटुंबिक, हृदयस्पर्शी, विनोदी’ अशी विशेषणांची माळ असते. जीपवर भोंगा बांधून आठ-दहा गावांत पुकारा होतो. शेजारच्या गावांच्या मंडया सहसा एकाच दिवशी येत नाहीत, त्यामुळे पाहुणे फिरते राहतात आणि सोयरिकीही जुळतात.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने हे डोळसपणे पाहिले तर अख्खा अभ्यासक्रम त्यात सापडेल. धान विकून हातात पैसा आला त्याच आठवड्यात कार्यक्रम ठेवणे हे वेळेचे गणित. ‘अमक्या गावचे सगळे येणार आहेत’ असे भोंग्यावरून सांगणे म्हणजे इतरांकडे पाहून निर्णय घेण्याच्या प्रवृत्तीचा वापर. पाहुण्यासमोर तिकिटाला नाही म्हणता येत नाही, ही प्रतिष्ठेची बाब. मंडळाच्या अध्यक्षाचा गावातला शब्द म्हणजे जनसंपर्क. मंडळाने हे कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाही. पण कशामुळे तिकीट खपले आणि कशामुळे नाही, हे मोजून पाहिलेलेही नाही. ते मोजायला शिकवते तेच पदवीचे काम.

दुसरे उदाहरण तांदळाचे. जिल्ह्यातले बरेच धान आधारभूत खरेदी केंद्रावर जाते, तिथे विपणनाचा प्रश्नच येत नाही. पण ‘भंडारा चिन्नोर’ या सुगंधी तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट चिन्नोरलाही मिळाले आहे. गिऱ्हाईक दोहोंत फरक कसा करणार? दुकानात तो मूठभर तांदूळ हातात घेतो, वास घेतो आणि ‘नवा की जुना?’ विचारतो. मानांकनाचा शिक्का त्याच्या नजरेत भरतो का?

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी हे दोन महिन्यांत तपासू शकते. एकाच तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या, भाव तोच, फळीवरची जागाही तीच. काही दिवस पिशवीवर फक्त ‘सुगंधी तांदूळ’, काही दिवस ‘भंडारा चिन्नोर’ आणि पिकवणाऱ्या गावाचे नाव. दुकानदाराच्या वहीत रोजची विक्री. खाचखळगे इथेच सुरू होतात. दुसरी पिशवी सणाच्या आठवड्यात लावली तर खप सणामुळे वाढेल आणि श्रेय पिशवीला जाईल. म्हणून कुठल्या दिवशी कोणती पिशवी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. दुकाने दोन-चार हवीत. फरक दिसला तर तो योगायोगाने आलेला नाही, हे आकड्यांनी दाखवायचे. एवढे जिला जमले तिने दोन्ही पदव्यांचा गाभा आत्मसात केला असे समजावे.

मोहाडी तालुक्यातले आंधळगाव आणि आसपासची गावे कोशाच्या कापडासाठी प्रसिद्ध आहेत. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा कोसा, तो जपणारे ढिवर, विणणारे कोष्टी आणि करवतीच्या दात्यांसारख्या काठाची साडी, ही साखळी सांगितली तर साडीची किंमत पटते. न सांगितली तर यंत्रमागावरची नक्कल स्वस्त वाटते. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते, ते असे.

जनसंपर्काची कडू बाजूही जिल्ह्याने पाहिली आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे दगावली. 24 जानेवारी 2025 ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. अशा वेळी दाराशी जमलेल्या नातेवाइकांशी पहिल्या तासात कोणी, काय आणि कुठल्या शब्दांत बोलावे? ठाऊक नसलेले लपवावे की ‘अजून कळलेले नाही’ असे सरळ सांगावे? जनसंपर्क म्हणजे वर्तमानपत्रात फोटो छापून आणणे, एवढेच ज्याच्या डोक्यात आहे त्याला हे प्रश्न सुटत नाहीत. गोसीखुर्दचेही तसेच. 1988 मध्ये ज्या धरणाचे भूमिपूजन झाले, त्याच्या बुडित क्षेत्रातल्या माणसांचा विश्वास माहितीपत्रकांनी मिळत नाही. दिलेला शब्द पाळला तरच मिळतो.

नियम काय म्हणतात

अनुदान आयोगाच्या 13 एप्रिल 2022 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीन प्रकारे दोन अभ्यासक्रम एकत्र करता येतात. दोन्ही नियमित, पण तासिकांच्या वेळा आदळायला नकोत. एक नियमित आणि दुसरा दूरस्थ किंवा ऑनलाइन. किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन. दूरस्थ अभ्यासक्रम त्यासाठी मान्यता असलेल्या संस्थेचाच हवा, आणि पीएच.डी.ला ही सवलत नाही.

पहिला प्रकार कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी दुसऱ्यात बसायचे तर दोन्ही एकाच गावात हवीत. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून किंवा बसने रोज अप-डाऊन करणाऱ्याचे तीन-चार तास प्रवासातच जातात. अशा विद्यार्थ्याने दोन नियमित पदव्यांच्या हजेरीचा नाद सोडावा.

म्हणून बहुतेकांची नजर दुसऱ्या प्रकारावर जाते: दिवसा बी.कॉम. आणि घरबसल्या मानसशास्त्र. इथे एक मोठी मेख आहे. मानसशास्त्र हा विषय 2021 च्या सहयोगी आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याच्या कक्षेत येत असल्याने, 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून तो दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नये, असे आयोगाने संस्थांना बजावले. जुन्या माहितीपत्रकावर विसंबून पैसे भरणाऱ्याची फसगत इथेच होऊ शकते.

मग उपाय? जोडी उलटी करावी. मानसशास्त्र नियमित घ्यावे आणि वाणिज्य किंवा व्यवस्थापन दूरस्थ. इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ वाणिज्याचे पदवी अभ्यासक्रम चालवतात. असेही वाणिज्य पुस्तकातून आणि दुकानातून बरेचसे शिकता येते. प्रयोग कसा आखावा, प्रश्नावली कशी तयार करावी, हे शिक्षकासमोर बसून शिकलेले बरे.

आणखी तीन वाटा

पहिली वाट घराजवळची. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. जिल्ह्यातली महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे मुख्य विषय, दुय्यम विषय आणि दुसऱ्या विद्याशाखेतला खुला विषय ही रचना इथेही आली. वाणिज्य मुख्य ठेवून मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्राचे श्रेयांक त्याच पदवीत मिळवता येतात. शिवाय प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण आणि क्षेत्रीय प्रकल्प यांनाही श्रेयांक आहेत. वरचा चिन्नोरचा प्रयोग नेमका इथे बसतो. अडचण एकच, महाविद्यालयात तो विषय शिकवणारा प्राध्यापक हवा. नियमात विषय आहे आणि वेळापत्रकात नाही, असे अनेक ठिकाणी घडते. प्रवेशापूर्वी माहितीपत्रक वाचून थांबू नये, विभागात जाऊन विचारावे. उणीव राहिली तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’वर ग्राहक-वर्तन, मानसशास्त्र, संख्याशास्त्र यांचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात.

दुसरी वाट बीबीए-बीएमएसची. हे अभ्यासक्रम 2024-25 पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. ग्रामीण भागातल्या कित्येकांना ती परीक्षा द्यावी लागते हेच उशिरा कळते. व्यावसायिक अभ्यासक्रमांत केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या पात्र मुलींना 2024-25 पासून शुल्कमाफी आहे. ती लागू होते का, हे अर्ज भरण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

तिसरी वाट परदेशाची. अनुदान आयोगाच्या मे 2022 च्या नियमांनी भारतीय आणि परदेशी विद्यापीठांना मिळून पदवी देण्याची सोय केली. पण खर्च सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा, आणि अनुसूचित जातींसाठी असलेली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते, बारावीनंतरच्या पदवीला नाही. ज्याला परदेशी जायचेच आहे त्याने पदवी इथे पक्की करून पुढच्या टप्प्यावर जावे, हे व्यवहाराचे.

नोकरी आणि पगार

घरच्यांचा खरा प्रश्न हाच असतो. वर्तनविज्ञानाच्या नावाने निघणाऱ्या जागा देशात थोड्या आहेत, दिल्ली-मुंबई-बंगळुरूत एकवटल्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मागतात. अशोका विद्यापीठाचे सामाजिक व वर्तन बदल केंद्र, आता फ्रॅक्टलचा भाग झालेले फायनलमाइल, ही त्यांतली जाणती नावे. पदवी हाती पडताच भंडाऱ्याच्या मुलाला पहिली नोकरी मिळते ती नागपुरात डिजिटल मार्केटिंगची, विमा-बँकेच्या विक्रीची किंवा बाजार-सर्वेक्षणाची. पगार सुरुवातीला बेताचाच.

दुसऱ्या विषयाचा फायदा दोन-चार वर्षांनी दिसतो. जाहिरातीचे दोन मसुदे तपासून ‘हा चालला, कारण हा’ असे जो आकड्यानिशी सांगतो, तो विक्रीच्या फिरतीवरून नियोजनाच्या टेबलापाशी येतो. सरकारी बाजूने पाहिले तर माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची जिल्हा कार्यालये आहेत. तिथल्या अधिकारी-पदांसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते आणि पत्रकारितेची पात्रता व अनुभव लागतो. नुसत्या विपणनाच्या पदवीवर तिथे दार उघडत नाही. ‘उमेद’सारख्या अभियानांत बचतगटांच्या मालाला बाजार मिळवून देण्याचे काम आहे, आणि त्या कामाला या दोन्ही विद्यांची गरज आहे.

एक गैरसमजही दूर व्हावा. मानसशास्त्राची पदवी घेतली म्हणजे समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ होता येते, असे नाही. त्या वाटा वेगळ्या, त्यांची पात्रता वेगळी. बाजारातल्या माणसाचा अभ्यास करणे आणि आजारी माणसावर उपचार करणे यांत गल्लत नको.

या विद्येची कुसे

वर्तनविज्ञानाला सध्या जो भाव आला आहे त्यात बराच फुगवटा आहे. माणूस अर्जाच्या वरच्या बाजूला सही करतो तेव्हा खोटे कमी बोलतो, असे सांगणारा 2012 चा एक नामांकित शोधनिबंध 2021 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या एका प्रयोगाची आकडेवारी बनावट निघाली. निबंधाचा विषय प्रामाणिकपणा होता, हे विशेष. परदेशी पुस्तकातली युक्ती पवनीच्या बाजारात चालेलच असे नाही; चालते का ते पाहण्याची पद्धत तेवढी उपयोगी. म्हणून संख्याशास्त्र टाळणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

दुसरे कुस नीतीचे. ऑनलाइन खरेदीत ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई करणे, नकळत टोपलीत वस्तू टाकणे, सदस्यत्व सोडण्याचा रस्ता लपवणे, हे सगळे वर्तनविज्ञानाचेच उद्योग. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा तेरा क्लृप्त्यांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपल्या गावांनीही दोन तऱ्हा पाहिल्या आहेत. उघड्यावर बसणाऱ्याला पहाटे गाठून लाजवणारे गुड मॉर्निंग पथक ही एक तऱ्हा. आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडणारे आणि मग रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारून त्यांच्या तोंडून उत्तर काढणारे गाडगेबाबा, ही दुसरी. पथक गेल्यावर काय उरले आणि बाबा गेल्यावर काय उरले, हा विद्यार्थ्याने आपल्याच गावात फिरून शोधण्याचा प्रश्न आहे. ज्या अभ्यासक्रमात असे प्रश्न विचारायला जागा नाही, तो फक्त फसवण्याची हातोटी शिकवेल.

मग करावे काय?

सगळे जमेस धरता, भंडाऱ्यातल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी एकाच वेळी दोन पूर्ण पदव्यांच्या मागे लागू नये. एक पदवी चांगल्या गुणांनी, तिच्यातच दुसऱ्या विषयाचे श्रेयांक, संख्याशास्त्राचा एक भक्कम अभ्यासक्रम आणि जिल्ह्यातल्या एखाद्या खऱ्या मालावर केलेला, नोंदी असलेला एक प्रकल्प, एवढी शिदोरी पुरेशी आहे. इंग्रजीतून वाचता आणि मराठीतून समजावता येणे त्यात धरलेलेच आहे. दोन्ही पदव्या त्यानेच घ्याव्यात ज्याचे महाविद्यालय घराजवळ आहे, जो नियमित मानसशास्त्र किंवा अर्थशास्त्र शिकतो आहे आणि ज्याला दूरस्थ वाणिज्याचा अभ्यास रात्री झेपतो. विपणनाला जनसंपर्काची जोड देऊन ‘डबल’ म्हणवून घेणाऱ्याची गत मात्र एक ना धड, भाराभर चिंध्या अशी व्हायची.

मुलाखत घेणारा प्रमाणपत्रे किती हे एकदाच बघतो. त्यानंतर तो विचारतो की तुम्ही काय करून पाहिले, त्यातून काय निघाले आणि ते कशावरून. या तीन प्रश्नांची उत्तरे देता येतील अशी तीन वर्षे घालवावीत. दुसरी पदवी त्याला हातभार लावत असेल तर घ्यावी, नसेल तर ते पैसे आणि तो वेळ पदव्युत्तर शिक्षणासाठी राखून ठेवावा.